मुंबईतील बाहेरचे जेवण

मुंबईत घराबाहेर जेवण्याची रीत आधी गरज म्हणून पडली. तिचा शौक पुढे झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गिरण्या, गोदी आणि रेल्वेच्या कामासाठी शहरात येणाऱ्यांत एकट्या पुरुषांचा भरणा मोठा होता. त्यांच्यापाशी ना चूल होती, ना चूल मांडायला जागा. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळी, चहासोबत टेकायला जागा देणारे इराणी, इडली-डोशाची उडुपी हॉटेले आणि मासळीची ‘लंच होम’ यांतून शहराची हॉटेलसंस्कृती उभी राहिली. लखनौ किंवा हैदराबादच्या खाण्यामागे दरबार आहे, मुंबईच्या खाण्यामागे नाही. इथल्या जुन्या हॉटेलांचा मालकही बहुधा गिऱ्हाइकाइतकाच परगावचा. आज हौशी मुंबईकर ज्या ठिकाणांची वारी करतात, त्यांतली बरीचशी अशी कुणाच्या तरी गैरसोयीतून निघालेली आहेत.

खानावळ

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईतली पहिली कापडगिरणी स्थापन केली. त्यानंतरच्या काही दशकांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा पट्टा गिरणगाव म्हणून वसला. चाळीतल्या एकेका खोलीत अनेक कामगार पाळी लावून राहत. एक पाळीवर गेला की त्याच्या जागेवर दुसरा अंग टाकी. जेवणासाठी जवळच्याच एखाद्या बिऱ्हाडात महिना बांधलेला असे. घरातली बाई आपल्या संसाराबरोबर आणखी दहापंधरा जणांचा स्वयंपाक करी आणि पैसे पगाराला मिळत. गावी गेलेल्या दिवसांचा खाडा धरायचा की नाही, यावरून होणारी हुज्जत हा या व्यवहाराचाच भाग होता. कोकणातल्या मंडळींना भात आणि माशाचे कालवण लागे, सातारा-कोल्हापूरकडच्यांना भाकरी आणि झणझणीत आमटी. त्यामुळे खानावळीही मुलखामुलखाच्या असत.

या बायकांना किराणा भरायला भांडवल नसे आणि सावकाराचे व्याज त्यांना खाऊन टाकी. कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून खानावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. मुंबईच्या खाद्यजीवनावर लिहिताना नामांकित शेफची यादी देतात आणि हे नाव गाळतात, हे न्यायाचे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप चिघळला, कामगार गावाकडे परतले, पुढे गिरण्याच बंद पडल्या. जेवणारेच गेल्यावर खानावळीही आटल्या.

मासळी

खानावळीचे जे रूप टिकले ते मासळीच्या हॉटेलांत. गिरगाव, दादर, परळ या मराठी वस्त्यांत मालवणी आणि गोमंतकी पद्धतीची, तर फोर्ट भागात कचेऱ्यांतल्या नोकरदारांसाठी मंगळुरी पद्धतीची हॉटेले निघाली. गिरगावात खोताच्या वाडीतला अनंताश्रम हे त्यांतले गाजलेले नाव. तो आता बंद झाला आहे. दादरची गोमंतक, सिंधुदुर्ग आणि चैतन्य, वांद्रे पूर्वेचे हायवे गोमंतक, विलेपार्ल्यात सुरू झालेली गजाली, फोर्टातले महेश लंच होम आणि काळा घोड्याचे तृष्णा ही नावे आज सर्वतोमुखी आहेत. तृष्णातला लोणी, मिरी आणि लसणीतला खेकडा परदेशी पाहुण्यांपर्यंत पोहोचला. सुरमईच्या थाळीला मात्र कुणाच्या शिफारशीची गरज कधीच पडली नाही.

अशा हॉटेलाची परीक्षा बोंबलावर होते. ओला बोंबील म्हणजे निम्मे पाणीच. तो पोटातून चिरून, उघडून, फडक्यात गुंडाळून वजनाखाली दाबून ठेवावा लागतो. पाणी निथळले की मीठ, हळद, तिखट आणि आगळ (कोकमाचा रस) लावायचे, रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवायचे आणि तव्यावर तळायचे. बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा झाला, तर स्वयंपाक्याने घाई केलेली नाही. पानात गळून पडला, तर दाबायचा वेळ वाचवलेला आहे. ताटात भात किंवा वडे, तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके, वाटीत कालवण आणि शेवटी सोलकढी. सोलकढी नारळाच्या दुधाची आहे की नुसते गुलाबी पाणी आहे, हे पहिल्या घोटाला कळते.

या हॉटेलांचा धंदा पंचांगावर चालतो. सोमवार, गुरुवार, संकष्टीला गिऱ्हाईक कमी. गटारीला रांग रस्त्यावर येते आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की टेबले रिकामी पडतात. त्यातच पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत पापलेट बर्फातले की ताजे, हे मालकाला विचारून घेण्याला पर्याय नाही.

इराणी

इराणमधून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईत चहाची दुकाने काढली. कोपऱ्याची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, अशी सांगोवांगी आहे. कारण काहीही असो, दोन रस्त्यांवर तोंड असलेले हॉटेल उजेडाला आणि गल्ल्याला दोन्हीला चांगले. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, काउंटरवर बरण्या आणि काही ठिकाणी पोटमाळ्यावर ‘फॅमिली रूम’, ही त्यांची मांडणी ठरलेली. धोबी तलावाची कयानी (१९०४), ग्रँट रोड स्थानकासमोरचे बी. मेरवान (१९१४) आणि बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया (१९२३) ही त्यांतली प्रसिद्ध नावे. ब्रिटानियाचा बेरी पुलाव आंबटगोड इराणी बेरींमुळे ओळखला जातो.

इराण्याकडचा मुख्य पदार्थ ब्रुन-मस्का. कडक कवचाचा पाव कापून लोणी फासायचे आणि ‘पानी कम’ चहात बुडवून खायचा. न बुडवता खाल्ला तर टाळू सोलते. पण इराण्याचे मोल पदार्थांपेक्षा मोठे आहे. ज्या काळात हॉटेलांच्या पाट्यांवर ‘ब्राह्मण’, ‘हिंदू’ असे शब्द सर्रास असत, त्या काळात इराण्याच्या टेबलावर कुणीही बसे. सोवळ्या घरांतल्या कित्येक मुलांनी आयुष्यातले पहिले ऑम्लेट इराण्याकडे चोरून खाल्ले. एका चहावर तासभर बसणाऱ्या बेकारांना, पत्रकारांना आणि कवींनाही त्याने जागा दिली. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने सार्वजनिक उपाहारगृहांत जातीवरून मज्जाव करण्यास बंदी घातली ती १९५० मध्ये. इराणी हॉटेलांनी ती वहिवाट त्याआधीच पाडली होती. आता अशी हॉटेले थोडी उरली आहेत. पुढची पिढी दुसऱ्या व्यवसायांत गेली आणि मोक्याच्या जागांना धंद्यापेक्षा जास्त भाव आला. गंमत अशी की याच इराणी हॉटेलांची आठवण विकणारे ‘दिशूम’ २०१० पासून लंडनमध्ये जोरात चालते.

उडुपी आणि मराठी उपाहारगृहे

कर्नाटकाच्या किनारपट्टीवरून, उडुपी भागातून आलेल्यांनी माटुंग्यात पाय रोवले. तिथे स्थायिक झालेल्या तमिळ कारकुनांमुळे तयार गिऱ्हाईक होते. किंग्ज सर्कलचे कॅफे मद्रास १९४० चे, माटुंगा स्थानकालगतचे ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. बोर्डिंगात केळीच्या पानावर पोटभर जेवण मिळते. उडुपी हॉटेलांनी शहराला तीन सवयी लावल्या: पाणी आधी, पदार्थ पाच मिनिटांत, आणि चहा संपताच टेबल मोकळे. पुढे राइस प्लेट, पावभाजी, पंजाबी भाज्या असे सगळेच त्यांच्या मेनूकार्डावर आले. आज ‘नाक्यावरचे हॉटेल’ म्हटले की ते बहुधा शेट्टींचे असते.

मराठी उपाहारगृहे संख्येने कमी, पण आपल्या जागी घट्ट. दादरला काणे यांचे उपाहारगृह १९१० साली सुरू झाले. गिरगावात विनय हेल्थ होमची मिसळ, दादरला प्रकाशचा साबुदाणावडा आणि पीयूष. शिवसेना भवनाजवळच्या आस्वादची मिसळ २०१५ साली लंडनच्या एका खाद्यसंस्थेने जगातला सर्वात चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवली, त्यानंतर तिथे रविवार सकाळ म्हणजे जत्रा झाली. मिसळीत फरक पडला नाही, रांगेत पडला. थालीपीठ, कोथिंबीरवडी, डाळिंबी उसळ हे घरचे पदार्थ पैसे मोजून बाहेर खाण्याची कल्पना जुन्या मराठी माणसाला मानवत नसे. नोकरी करणाऱ्या जोडप्यांच्या पिढीने तो संकोच मोडला. मराठी हॉटेलमालकांवर तुसडेपणाचा आणि दुपारी दार लावून घेण्याचा आरोप होतो. तो अगदीच निराधार नाही.

रात्रीची मुंबई

मोहम्मद अली रोड आणि भेंडी बाजार भागात नळी निहारी, बैदा रोटी, सीक कबाब वर्षभर मिळतात, पण रमझानमध्ये मिनारा मशिदीजवळची गल्ली पहाटेपर्यंत जागी असते. मालपुवा आणि फिरनीसाठी येणाऱ्या गर्दीत रोजा न धरणारेच पुष्कळ. १९२३ पासूनचे नूर मोहम्मदी निहारीसाठी प्रसिद्ध. कुलाब्यात ताजमहाल हॉटेलमागच्या गल्लीत १९४६ मध्ये सुरू झालेल्या बडेमियाँने गाडीच्या बॉनेटवर ताट ठेवून कबाब खाण्याची चाल पाडली.

चायनीजचा इतिहास वेगळा. चिकन मंचुरियन हा पदार्थ नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तयार केला, असे मानले जाते. त्याची संतती शहरभर पसरली. लाल दिव्यांची चायनीजची गाडी, ट्रिपल शेजवान राइस आणि चायनीज भेळ यांचा चीनशी संबंध नाममात्र, मुंबईशी मात्र पक्का.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिण्यासाठी परवाना आवश्यक केला आणि त्यातून ‘परमिट रूम’ हा हॉटेलप्रकार आला. बंदी सैल झाली, पाटी राहिली. मंद उजेड, बशीत चण्याची डाळ किंवा शेंगदाणे, टीव्हीवर क्रिकेट आणि मेनूत अनपेक्षितपणे उत्तम सुकट: परमिट रूमच्या स्वयंपाकाकडे खाद्यलेखकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

गिरणीच्या जागेवर

रेस्टॉरंटला जाणे हाच कार्यक्रम, ही कल्पना चर्चगेटच्या गेलॉर्डसारख्या (१९५६) ठिकाणांनी रुजवली होती. शेफच्या नावावर लोक येऊ लागले ते मुख्यतः १९९९ मध्ये कुलाब्यात राहुल आकेरकर यांनी काढलेल्या इंडिगोपासून. मग केंद्र सरकले ते गिरणगावात. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिल, तोडी मिल आणि मथुरादास मिलच्या आवारांत पब आणि रेस्टॉरंटे आली. कमला मिलमधल्या बॉम्बे कँटीनने (२०१५) देशी धान्ये, हंगामी भाज्या आणि गल्लीतले पदार्थ नव्या रूपात ताटात आणले. महालक्ष्मीच्या लक्ष्मी वूलन मिलमधले मास्क (२०१६) ठरावीक क्रमाने येणाऱ्या पदार्थांचे जेवण देते आणि आशियातल्या नामांकित रेस्टॉरंटांच्या यादीत त्याचे नाव असते. ज्या आवारात पाळी सुटल्यावर कामगार खानावळीकडे निघत, तिथे आता एका जेवणाला हजारो रुपये पडतात. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्र उलटल्यावर कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबला आग लागून १४ जणांचा जीव गेला. त्यानंतर महापालिकेने शहरभर हॉटेलांची बेकायदा बांधकामे पाडली.

हौस आणि तिचे शिष्टाचार

खाण्यावर लिहिणे इंग्रजी वृत्तपत्रांत सुरू झाले. ‘बिझीबी’ या नावाने लिहिणारे बेहराम काँट्रॅक्टर हॉटेलांबद्दल मिश्कीलपणे लिहीत. रश्मी उदय सिंग यांनी शहराच्या रेस्टॉरंटांचे मार्गदर्शक काढले. पुढे झोमॅटोसारख्या संकेतस्थळांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला समीक्षक केले. आता पदार्थ आला की आधी मोबाइल निघतो, तोवर डोसा मऊ पडतो. या लेखनाचा नकाशा फार काळ कुलाबा ते वांद्रे एवढाच होता. माटुंगा, दादर त्यात ‘वारसा’ म्हणून येत, मुलुंड-डोंबिवली येतच नसत.

गर्दीच्या हॉटेलात बसण्याचेही नियम आहेत. दोघे आले तर चौघांच्या टेबलावर अनोळखी माणसांशेजारी बसायचे आणि त्यांच्या ताटाकडे बघायचे नाही. जागा नसेल तर बिल मागवलेल्या माणसाच्या खुर्चीमागे उभे राहायचे. परक्या गावच्या माणसाला हा उद्धटपणा वाटतो. इथे जेवणारा स्वतःच मान वळवून सांगतो, ‘‘दोन मिनिटं हं, उठतोच.’’ उडुपी हॉटेलात वरच्या मजल्यावर ए. सी. विभाग असतो. डोसा तोच, दर वेगळा.

उपनगरांत घाटकोपरच्या खाऊगल्लीने डोशात चीज, पनीर आणि शेजवान चटणी भरून गुजराती गिऱ्हाइकाच्या जिभेचा स्वतंत्र प्रकारच तयार केला. दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी विकायला घेतलेला वडापाव तर बसायची जागाही मागत नाही. ठाण्यात तहसील कचेरीशेजारी मामलेदार मिसळ आहे. तिथे मिसळ मागवताना तिखट, मध्यम की कमी तिखट एवढेच सांगायचे असते. नवख्याने मध्यमवर थांबावे.