भिंगरीचा फोटो आणि कंबरेचं गणित

माळभिंगरी या चिमुकल्या पक्ष्याचा मी काढलेला पहिला फोटो सिरपूर तलावाच्या पाण्याचा आहे. दुसराही. तिसऱ्यात वरच्या कोपऱ्यात शेपटीचं एक टोक आलंय, तेवढ्यावर मी आठवडाभर खूश होतो.

सिरपूर म्हणजे आमच्या इंदूरच्या पश्चिमेचा, धार रोडवरचा होळकरकालीन तलाव. 2022 मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. हिवाळ्यात इथे बदकं उतरतात आणि त्यांच्यामागे तोफेएवढ्या लेन्स. बदक निदान बसून तरी राहतं. भिंगरी जेमतेम वीस ग्रॅमची. पाण्याला पोट लागेल की काय अशी खालून जाते, हवेतले किडे टिपते आणि मनात येईल तेव्हा वळते.

ती चौकटीत का सापडत नाही, याचं गणित बोटांवर मांडता येतं. अक्षरशः. हात लांब करून मधली तीन बोटं डोळ्यासमोर धरा. साधारण 5 अंश झाले. फुल-फ्रेम, म्हणजे 36 मिलिमीटर रुंद सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 400 मिलिमीटरची लेन्स लावली की आडवं एवढंच दिसतं. भिंगरी सेकंदाला 10 मीटर उडते असं धरू, म्हणजे ताशी 36 किलोमीटर. आपल्यापासून 10 मीटरवरून ती आडवी गेली तर ही तीन बोटं 0.09 सेकंदात ओलांडते. आणि डोळ्यांनी पाहून बटण दाबायला माणसाला सुमारे 0.2 सेकंद लागतात. तेवढ्यात ती अशा दोन चौकटी पार करून गेलेली असते.

यावर भेटेल तो एकच सल्ला देतो: शटरचा वेग वाढवा, 1/4000 सेकंदावर ठेवा, पक्षी गोठतो. नाही गोठत. तेवढ्या वेळात भिंगरी अडीच मिलिमीटर पुढे सरकते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण 10 मीटरवरची वस्तू ही लेन्स सेन्सरवर साधारण 25 पट लहान करून पाडते. म्हणजे तिथे 0.1 मिलिमीटरची फरफट झाली. एक पिक्सेल 0.004 मिलिमीटरचा धरला, तर कॅमेरा स्थिर असताना डोळ्यातला चमकता ठिपका 25 पिक्सेलची रेघ होऊन बसतो.

आता कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवा. 10 मीटरवरून पाहता सेकंदाला 57 अंश हा तिचा वेग. तुमचा अंदाज दहा टक्क्यांनी चुकला तरी फरफट अडीच पिक्सेलवर येते. हीच सुधारणा नुसत्या शटरने मिळवायची तर 1/40,000 सेकंद लागेल, आणि त्याला माळव्यातलं ऊनही पुरायचं नाही.

एतियन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने 1882 मध्ये उडत्या पक्ष्यांसाठी कॅमेरा बनवला तो चक्क बंदुकीच्या आकाराचा. सेकंदाला 12 चित्रं, प्रत्येक 1/720 सेकंदाचं. खांद्याला लावून सावजाबरोबर वळायचं, शिकाऱ्याला हे आधीच येत होतं. आम्हाला मात्र शिकावं लागतं. पावलं पक्षी जाणार त्या दिशेला रोवायची, कंबर तो येतो तिकडे पिळायची, कोपरं अंगाशी, आणि तो लांब असतानाच त्याच्याबरोबर उलगडत यायचं. माझं घोडं बटणापाशी अडायचं. दाबलं की मी थांबायचो. शेजारचे काका, होळकर क्रिकेट संघाच्या गोष्टींवर वाढलेले, एकदा बरोबर आले होते. म्हणाले, "अरे, चेंडू बॅटला लागला की बॅट जागीच रोखतोस का तू? मग इथं का थबकतोस?"

कंबरेने भिंगरीचं धड सांभाळलं तरी पंख खाली-वर होतच राहतात. पण पंखाचं झोक्यासारखं आहे: सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली पोचला की क्षणभर थांबतो. ओळीने काढलेल्या वीस फोटोंत पंख स्पष्ट येतात ते बहुतेक या दोन टोकांचे.

फोकसची गोष्ट वेगळी. लेन्सचं छिद्र f/5.6 वर ठेवलं तर 10 मीटरवर स्पष्ट दिसणारा पट्टा वीतभर, सुमारे 20 सेंटीमीटर. भिंगरी समोरून चाल करून आली तर तो 1/50 सेकंदात संपतो. आडवी गेली तर अंतर फारसं बदलत नाही, म्हणून मी समोरून येणारीचा नाद सोडला आहे.

यातलं काहीच जमत नसेल तर वेडा राघू पकडा. तो किडा टिपून पुन्हा त्याच काटकीवर येतो, म्हणजे फोकस तिथेच लावून ठेवता येतो. नव्या कॅमेऱ्यांत बटण पूर्ण दाबण्याआधीची चित्रंही साठवायची सोय असते. मी तिला लबाडी म्हणायचो, 0.2 सेकंदाचा हिशोब मांडल्यावर म्हणणं बंद केलं.

परवा एक भिंगरी साधली, 1/2000 वर. डोळा टाचणीच्या टोकासारखा, पंख खाली टेकलेले. मागचं पाणी मात्र आडव्या रेघांनी भरून गेलेलं. काकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "पाण्याला काय झालं रे?"