घट्ट मांड, मोकळी मांड : घोड्यावरच्या बैठकीची पार्श्वभूमी

26 सप्टेंबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या चार स्वारांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्णपदक जिंकलं. गुण होते 209.205. दिल्लीच्या 1982च्या स्पर्धेनंतर अश्वारोहणात भारताला पहिल्यांदाच सुवर्ण मिळत होतं. त्या चौघांत आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती, तिचा घोडा चिन्स्की. ज्यांनी ड्रेसाज पहिल्यांदाच पाहिलं त्यांना प्रश्न पडला, की यात स्वार करतो काय? 20 बाय 60 मीटरच्या आखाड्यात घोडा गोल फिरतो, तिरका चालतो, चाल बदलतो, आणि वर बसलेला माणूस जवळजवळ हलतच नाही. हे न हलता बसणंच सगळ्यात अवघड आहे, आणि त्यामागे फार मोठा इतिहास आहे.

इंदुरात घोडेस्वारी शिकायला जाणाऱ्या मुलांच्या कानावर पहिल्या दिवसापासून तीन सूचना पडतात : टाच खाली, पाठ सरळ, हात शांत. मुलं त्या पाठ करतात आणि लाकडासारखी ताठ होऊन बसतात. या सूचना वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजेतून आल्या. ती गरज कळली, तर शरीर आपोआप सैल पडतं, असं मला मनापासून वाटतं.

आधी घोड्याचं बघू. मोकळा उभा घोडा आपलं सुमारे साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर पेलतो. त्याचा तोल छातीच्या भागात, पुढच्या पायांच्या किंचित मागे असतो. स्वार त्या जागेच्या जितका जवळ, तितकं त्याचं ओझं घोड्याला हलकं. स्वार पुढे कलला की घोड्याचे पुढचे पाय जड होतात, मागे राहिला की पाठ दबते, एका बाजूला झुकला की घोडा त्या बाजूला ओढला जातो. अशा घोड्याला आपण 'वाकडा चालतो' म्हणून दोष देतो, पण तो बिचारा आपल्याच तोलाची दुरुस्ती करत असतो.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने हे लिहून ठेवलं. तेव्हा ना लाकडी सांगाड्याचं खोगीर होतं, ना पाय टेकवायची रिकीब. त्याचं सांगणं असं, की घोड्यावर खुर्चीत बसल्यासारखं बसू नका. पाय फाकवून ताठ उभं राहावं तसे बसा. आज शिकवतात ती कान, खांदा, कंबर आणि टाच यांची उभी रेषा मुळात हीच. रायडिंग शाळांत त्याची एक सोपी परीक्षा सांगतात : खालचा घोडा अचानक काढून घेतला, तर स्वार दोन्ही पायांवर उभा राहिला पाहिजे. पाय पुढे टाकून बसणारा पाठीवर पडेल, पुढे वाकून बसणारा तोंडावर. 'पाठ सरळ' या सूचनेचा उगम इतका जुना आहे, आणि त्यात ताठरपणाचा काही संबंध नाही.

टाचेची गोष्ट रिकिबीबरोबर आली. रिकिबीच्या सगळ्यात जुन्या खुणांपैकी एक आपल्या मध्य प्रदेशातच आहे. सांचीच्या शिल्पांत स्वाराचा पायाचा अंगठा अडकवण्याची कडी दिसते. पूर्ण पाऊल मावेल अशी रिकीब इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या सुमारास चीनमध्ये दिसते आणि तिथून जगभर पसरते. तिच्यामुळे स्वाराला आडव्या धक्क्यातही आधार मिळाला. पण एक खोडही लागली, ती म्हणजे रिकिबीवर उभं राहून वजन पायात ढकलण्याची. मग मांड्या आवळतात आणि बैठक खोगिरावरून उचलली जाते. टाच खाली ठेवायला सांगतात ती पाऊल रिकिबीतून आरपार घसरून अडकू नये आणि वजन पोटरीतून खाली उतरावं म्हणून. टाच जोर लावून दाबायची नसते. जोर लावला की घोटा कुलूपबंद होतो, आणि घोड्याचा प्रत्येक धक्का थेट कंबरेत येतो.

आता मराठ्यांकडे येतो. माळव्यात आपली वस्तीच मुळी घोड्यावरून आली. सरकारी घोड्यावरचा बारगीर, स्वतःच्या घोड्यावरचा शिलेदार, आणि खाली भीमेच्या खोऱ्यातलं काटक, बुटकं भीमथडी तट्टू. या फौजेचं बळ होतं लांब पल्ल्याच्या वेगवान चालीत. दिवसभर घोड्यावर काढायचा, तर घोडा न थकवता बसता आलं पाहिजे, आणि आवळून बसणारा स्वार स्वतःही थकतो आणि घोड्यालाही थकवतो.

पहिल्या बाजीरावांची एक आख्यायिका आपल्याकडे घरोघरी सांगतात. कुणी निजामाचं नाव घेतं, कुणी दिल्लीच्या बादशहाचं. पण त्याने चित्रकार पाठवला, की बाजीराव दिसेल त्या अवस्थेत त्याचं चित्र काढून आण. चित्रकाराने आणलेल्या चित्रात पेशवा घोड्यावर होता, भाला खांद्यावर, लगाम घोड्याच्या मानेवर सैल सोडलेला, आणि दोन्ही हातांनी तो कणसं चोळून दाणे खात चालला होता. ही गोष्ट साधेपणाचा, चपळाईचा दाखला म्हणून सांगितली जाते. घोडेस्वारी शिकणाऱ्याने ती वेगळ्या नजरेने वाचावी. दोन्ही हात कामात, लगाम सैल, आणि तरी घोडा आपल्या वाटेने चाललेला. म्हणजे त्या माणसाचा तोल हातात नव्हताच. तो कंबरेत आणि मांडीत होता. 'हात शांत' या सूचनेचा पूर्ण अर्थ हा आहे. तोल सावरण्यासाठी जो लगाम धरतो, त्याचे हात कधीच शांत राहत नाहीत, कारण प्रत्येक हिसका घोड्याच्या तोंडात जातो. बाजीरावांचा मृत्यू 28 एप्रिल 1740 रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला झाला. इंदूरहून खरगोन जिल्ह्यात तिथे जाता येतं, समाधी आजही आहे. घोड्यावर प्रेम असणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी जावं.

महादजी शिंद्यांचं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. 1761च्या पानिपतात त्यांचा पाय जायबंदी झाला आणि ते जन्मभर लंगडत राहिले. तरी पुढची तीन दशकं त्यांनी उत्तर हिंदुस्थानच्या मोहिमा केल्या. दोन्ही पाय सारखे असल्याशिवाय घोड्यावर तोल साधत नाही, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि आपल्या बायका! युरोपात बायकांना दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसवत असताना मराठी स्त्री नऊवारीचा कासोटा घालून पुरुषासारखीच मांड टाकत होती. 1858च्या जूनमध्ये ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाई लढता लढता पडल्या त्याही घोड्यावरच.

मांडीचं हे बळ यायचं तालमीतून. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं, आणि तो पुढे मराठी संस्थानांतून पसरला. उज्जैनमध्ये तो आजही जोमात आहे, आणि 2013 मध्ये मध्य प्रदेशाने त्याला राज्याचा खेळ ठरवलं. मल्लखांबावर खेळलेला मुलगा घोड्यावर बसला की एक फायदा लगेच दिसतो : आपली कंबर नेमकी कुठे आहे, हे त्याला ठाऊक असतं. मात्र एक अडचणही येते. खांबावर मांडी आवळली तरच माणूस टिकतो. घोड्यावर आवळली की बैठक वर ढकलली जाते आणि घोडा पुढे पळू पाहतो. बळ हवंच, पण ते वेळेला वापरण्यासाठी. एरवी मांड खोगिरावर पसरलेली, जड आणि मोकळी हवी.

होळकर आणि इंग्रज यांच्यातल्या महिदपूरच्या लढाईनंतर जानेवारी 1818 मध्ये मंदसौरचा तह झाला आणि इंदूरपासून वीसेक किलोमीटरवर महूची छावणी वसली. तिच्याबरोबर इंग्रजी घोडदळाची कवायती बैठक माळव्यात आली. पुढे 1910 मध्ये सागरला घोडदळाची शाळा निघाली. दुडकीच्या, म्हणजे घोड्याच्या संथ धावेच्या, तालावर उठत-बसत जाण्याची पद्धतही युरोपची. तिकडे टपालगाड्यांचे घोडे हाकणारे स्वार दिवसभराचे धक्के टाळायला तसं करायचे.

याच सुमारास इटलीत फेडेरिको काप्रिली या घोडदळाच्या कॅप्टनने उडीचं शास्त्रच बदललं. तोवर अडथळ्यावर स्वार मागे रेलत, लगाम ओढत. काप्रिलीने स्वाराविना उडी मारणारे घोडे न्याहाळले आणि ठरवलं, की घोड्याला वाकवण्यापेक्षा स्वाराने त्याच्या मागोमाग जावं : रिकीब आखूड, धड पुढे, हात घोड्याच्या तोंडाबरोबर. 1907 मध्ये घोड्यावरून पडूनच तो गेला, पण आज जगभर उडी याच पद्धतीने शिकवतात. म्हणजे 'योग्य' बैठक एकच नाही. लांब रिकिबीची उभी बैठक ड्रेसाजची, आखूड रिकिबीची पुढे झुकलेली उडीची. दोन्हींत स्वाराचं वजन घोड्याच्या तोलाबरोबरच राहतं.

ड्रेसाज 1952च्या हेलसिंकी ऑलिम्पिकपर्यंत फक्त लष्करी अधिकाऱ्यांसाठी होतं. त्या वर्षी दार उघडलं आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्यपदक मिळवलं. पोलिओमुळे तिचे पाय गुडघ्याखाली निकामी होते. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागे. टाचेने इशारा देणं शक्यच नव्हतं. घोड्याशी ती बोलली ती आपल्या वजनाने, पाठीने आणि बैठकीच्या हाडांनी.

आजच्या मुलांची अडचण मात्र नवी आहे. शाळेच्या बाकावर, मोबाईलवर, स्कूटीवर दिवस जातो. मांडीच्या सांध्याचे पुढचे स्नायू आखडतात. असं मूल घोड्यावर बसलं की गुडघा वर येतो आणि झेनोफनने नको म्हटलेली खुर्ची तयार होते. कुणी 'पाठ सरळ' म्हटलं की ते छाती पुढे काढतं, कंबर पोकळ होते आणि वजन बैठकीच्या हाडांवरून सुटतं. यावर जुनाच उपाय उत्तम आहे : घोडा लांब दोरीवर काव्यावर, म्हणजे गोलात, फिरवायचा, रिकिबी काढायच्या, लगाम शिक्षकाकडे. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवा विद्यार्थी कितीतरी महिने असाच बसतो. आपल्याकडे पालकांना पहिल्याच महिन्यात चौखूर उधळणारा घोडा हवा असतो, त्यामुळे शिक्षकही घाई करतात. ती घाई करू नये. सुरुवातीला चालीवर, मग थोडी दुडकी. डोळे मिटून घोड्याचा मागचा कुठला पाय उचलला जातोय ते ओळखायचं. हात बाजूला पसरून कंबरेतून सावकाश वळायचं. थकवा आला की थांबायचं, कारण थकलेलं शरीर आवळायलाच शिकतं. आणि खोगीर आधी तपासून घ्यावं : त्याचा सगळ्यात खोल भाग मागे सरकलेला असेल, तर कितीही चांगला शिष्य पाय पुढे टाकूनच बसेल, आणि वर्षभर त्याला उगाच बोलणी खावी लागतील.