धुऱ्यापलीकडची अळी

ऑगस्टमध्ये नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-हिंगण्याकडच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, फुलावर आली, की अनुभवी शेतकरी आधी न उमललेलं फूल शोधतो. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुरफटलेल्या असल्या की ती डोमकळी. आत गुलाबी बोंडअळी बसलेली असते. तिची पुढची पिढी बोंडात शिरते, शिरल्याचं छिद्र बुजून जातं आणि बोंड बाहेरून धडधाकट दिसत राहतं. फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. वेचणीला हाती येते ती कवडी, म्हणजे नीट न फुटलेला, किडका कापूस.

या अळीची शास्त्रीय ओळख जगाला झाली ती आपल्याच देशातून. 1843 साली भडोचच्या कापसावरचे नमुने पाहून तिचं पहिलं वर्णन झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती सरकीतून इजिप्तला पोचली, तिथल्या सरकीबरोबर मेक्सिकोला आणि 1917 मध्ये टेक्सासला. दोन सरक्या जोडून त्यात महिनोन्‌महिने निपचित पडून राहता येतं तिला. तेव्हा पोत्यातून समुद्र ओलांडणं अवघड नव्हतं.

त्याच अमेरिकेने 2018 मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. हे एकट्याने झालं नाही. सीमेपलीकडच्या उत्तर मेक्सिकोत तीच मोहीम त्याच हंगामात चालली, कारण एका बाजूला अळी उरली असती तर दुसऱ्या बाजूचा खर्च पाण्यात गेला असता. अळीला मारणारं विष स्वतःच्या अंगात तयार करणारा बीटी कापूस, मादीच्या वासाची नक्कल करून नरमादीची गाठ पडू न देणारा कामगंध, हंगाम संपताच पऱ्हाट्यांची विल्हेवाट, आणि विमानातून सोडलेले सुमारे 1,100 कोटी वंध्य पतंग, म्हणजे याच अळीचे पंख फुटलेले, पण प्रजा न होणारे कीटक. प्रयोगशाळेत त्यांना लाल रंग मिसळलेलं खाद्य देत, म्हणजे सापळ्यात सापडलेला पतंग आपला की रानातला ते कळे. मला या सगळ्यात मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट: तिथल्या शेतकऱ्यांनी मतदान करून मोहीम स्वीकारली आणि खर्चाचा मोठा वाटाही उचलला.

आपल्याकडे बीटी 2002 मध्ये आलं, तेही संकरित वाणांत. संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरक्यांत बीटीचं विष असतं, काहींत नसतं. अळीला दोन्हींची चव मिळते आणि विष पचवणाऱ्या अळ्यांची निवड झपाट्याने होते. बोंडअळीने कापूस गिळला तो 2017 चा हंगाम विदर्भ विसरलेला नाही.

चीनच्या यांगत्से खोऱ्यात मात्र संकरित झाडांपासून धरलेलं, एक पिढी पुढचं बी पेरलं गेलं, त्यामुळे शेतात चौथा हिस्सा झाडं बिगरबीटी निघाली. त्यांच्यावर साध्या अळ्या जगल्या, त्यांचे पतंग विष पचवणाऱ्या पतंगांशी जुळले, आणि अशा जोड्यांची पिल्लं बीटीवर पुन्हा मरू लागली. अळीचं हे विषाला बळी पडणं मी विहिरीच्या पाण्याइतकंच सामायिक धन मानतो. कोण्या एकाने उपसलं, तरी आटतं सगळ्यांचं.

नागपुरात वर्धा रोडवर 1976 पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. मादीच्या वासाने नर ओढून घेणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर उपाय करा, हा आकडा गावोगाव पोचलाय. अळी जवळजवळ फक्त कापसावरच जगते, म्हणून डिसेंबरअखेर पीक काढून वावर मोकळं ठेवलं की तिची साखळी तुटते. बोंडं नसताना निघालेले पतंग वंश न वाढवताच मरतात.

पण पाणी असलेल्या शेतकऱ्याला फरदडीचे, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवून मिळणारे, दोन-चार क्विंटल दिसत असतात. त्या पैशांवर घर चालतं, त्याला दोष कसा द्यायचा? फरदड सोडली तर तोटा त्याचा एकट्याचा, आणि फायदा धुऱ्यापलीकडच्या, बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्याचाही. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात हा हिशोब सगळ्यांनी मिळून वाटून घेतला. आपल्या नरखेडला तो अजून एकेका शेतकऱ्याच्या माथी आहे. आणि कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या आवारात रचलेल्या सरकीतून पतंग निघतात, ते कोणाचा सातबारा बघून उडत नाहीत.