हंसराज

हंसराज हा सावलीत व ओलीत वाढणारा एक नाजूक नेचा (फर्न) आहे. टेरिडेसी कुलातील ॲडिअँटम या प्रजातीत सुमारे २०० जाती असून त्यांतल्या बहुतेक उष्ण कटिबंधात आढळतात. मराठीत हंसराज हे नाव त्यांतील अनेकींना सरसकट दिले जाते. साताऱ्यात ‘हंसराज कुंडीत टिकत नाही’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिचे निम्मे कारण असे, की या एकाच नावाने दोन निराळ्या स्वभावांची झाडे घरी येतात.

पहिला हंसराज डोंगरातला. याचे शास्त्रीय नाव ॲडिअँटम फिलिपेन्स; स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी ते १७५३ मध्ये दिले. मृगाचा पाऊस स्थिरावला, की यवतेश्वर–कासच्या बाजूच्या दरडी, जांभ्याचे कापलेले कडे, जुन्या दगडी विहिरींचे सांधे अशा जागी तो उगवतो. काळ्या, तुळतुळीत दांड्यावर दोन्ही बाजूंना अर्धचंद्राच्या आकाराची दले, म्हणजे पानाचे सुटे छोटे भाग, असतात. पानाचे लांबलेले टोक जमिनीला टेकले, की तिथे मुळे फुटतात आणि नवे रोप उभे राहते. अशा उड्या मारत तो दरड व्यापतो. आयुर्वेदातली हंसपदी ही औषधी वनस्पती ती हीच, असे अनेक जाणकार मानतात.

दुसरा हंसराज रोपवाटिकेतला, ॲडिअँटम रॅडिएनम. हा मूळचा उष्ण कटिबंधीय अमेरिकेचा. त्याचे पान तीन-चार वेळा विभागलेले, दले चिमुकल्या पंख्यांसारखी, आणि सगळे झाड वाऱ्याच्या झुळुकीनेही थरथरणारे. पॉलिहाउसच्या दमट हवेत वाढवलेले हे रोप पावसाळ्यात घरी आणले, तर दिवाळीपर्यंत डोळे निवतील असे वाढते. खरी परीक्षा होळीनंतर.

हंसराजाचे पान फार पातळ असते आणि वरचे मेणचट आवरणही बेताचेच, त्यामुळे पाणी झरझर उडते. मुळे लहान व वरवरची असल्याने तेवढे पाणी ती पुरवू शकत नाहीत. ॲडिअँटम या ग्रीक नावाचा अर्थच ‘न भिजणारा’ असा आहे. पान पाण्यात बुडवून काढले, तर थेंब घरंगळून जातात. म्हणून पानांवर पाणी फवारण्याचा लाभ काही मिनिटांपुरताच. पानाला हवी असते ती भोवतालची दमट हवा. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो, तर तिथून थोड्याच अंतरावरचे सातारा शहर उताराच्या कोरड्या बाजूला आहे. मार्च-एप्रिलच्या दुपारी इथली हवा पार शुष्क होते आणि मेपर्यंत पारा ३८–४० अंशांच्या घरात जातो. माण, खटाव, फलटणकडे तर विचारायलाच नको. अशा दिवसांत माती ओली असूनही पान एका दुपारीत कुरकुरीत होते आणि ते पुन्हा हिरवे होत नाही. घाबरून कुंडीत आणखी पाणी ओतले जाते, मुळांना हवा मिळेनाशी होते आणि ती कुजतात. बहुतेक रोपे उन्हाने नाही, या काळजीने मरतात.

जागा निवडणे हेच निम्मे काम. उत्तरेकडची खिडकी, न्हाणीघर, रांजणाजवळचा कोपरा चालतो. पंख्याखाली व पश्चिमेच्या झळांत मुळीच नाही. मातीत कुजलेला पालापाचोळा, नारळाचा भुसा व थोडा कोळसा असावा. खोड उथळ ठेवावे, खोल पुरू नये. बोअरच्या पाण्यातले क्षार दलांच्या कडा करपवतात, म्हणून पागोळ्यांचे साठवलेले पाणी उत्तम. रासायनिक खत दिलेच, तर अगदी पातळ करून. कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरावी व ती भिजती ठेवावी. गच्चीवर गोणपाटाच्या आडोशाला हा उपाय बरा चालतो.

जुनी माशांची काचेची टाकी वरून झाकून वापरली, तर याहून चांगले. ही युक्ती नेच्यानेच माणसाला शिकवली. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी १८२९ मध्ये पतंगाचा कोश बंद बाटलीत ठेवला होता. त्यातल्या ओल्या मातीत आपोआप नेचा उगवलेला त्यांना दिसला. त्यावरून त्यांनी काचेच्या पेट्या केल्या, आणि पुढे अशाच पेट्यांतून चीनमधला चहा भारतात आला.

नेच्याला बी नसते; त्याच्या धुळीसारख्या बीजुकांपासून रोप करणे हे चिकाटीचे काम. दलांच्या कडा मागे दुमडलेल्या असतात, त्यांखाली बीजुके तयार होतात. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या विटेवर ती शिंपडून झाकली, की काही आठवड्यांत हृदयाच्या आकाराचे, नखाहून लहान पूर्वकायक, म्हणजे रोपाआधीची चपटी हिरवी अवस्था, दिसू लागतात. त्यांच्यावर पाण्याचा पातळ थर असेल तरच फलन होते. रोप हाताळण्याजोगे व्हायला सहा महिने ते वर्ष लागते.

डोंगरातल्या हंसराजाची हानी निराळ्याच कारणाने होते. दिवाळीनंतर त्याची पाने पिवळी पडून झडतात. मातीखालचे खोड जिवंत असते, निजलेले असते; घरातले मात्र कुंडी मेली समजून रिकामी करतात. दरवर्षी दरडींवरून उपटून आणलेली कितीतरी झाडे अशी उकिरड्यावर जातात, याची हळहळ वाटते. कास पठाराचा जागतिक वारशात २०१२ मध्ये समावेश झाला आहे. तिथून तर काहीच उपटू नये. आधीच घरी आलेल्या झाडाची वाळलेली पाने कापून कुंडी सावलीत सरकवावी, आठ-दहा दिवसांनी माती जेमतेम ओलवावी. रॅडिएनमला मात्र अशी लांब झोप नसते. त्याची करपलेली पाने मातीलगत छाटून ओल कायम राखली, तर काही आठवड्यांत नवे फुटवे येतात. डोंगरातला जूनपर्यंत थांबतो. वळवाच्या सरींनी तो सहसा फसत नाही. मृग लागून हवा दमट झाली, की मातीतून गोगलगाईसारखी गुंडाळलेली कोवळी पाने वर येतात.