रिकॉलमधलं इंजिनचं काम नाकारलं? तक्रार कुठे करायची, कोणते कागद लागतात आणि मुदत कशी मोजायची

कंपनीने रिकॉल जाहीर केलाय, म्हणजे दोषाच्या शंकेने गाड्या तपासणी-दुरुस्तीसाठी परत बोलावल्यात, गाडी त्याच मॉडेलची आहे, इंजिनही तसाच त्रास देतंय, आणि सर्व्हिस सेंटरवर सांगतात, ‘तुमची गाडी यात बसत नाही.’ इथून पुढे बहुतेक जण फोनवर भांडण्यात महिने घालवतात. तक्रार करायची वेळ येते तेव्हा हातात एकही कामाचा कागद नसतो.

आधी गाडी खरंच रिकॉलमध्ये आहे का ते बघा. रिकॉल मॉडेलच्या नावावर नसतो, तो ठरावीक काळात बनलेल्या ठरावीक चासी क्रमांकांवर असतो. २०२१ मध्ये महिंद्राने नाशिकच्या कारखान्यातल्या सहाशेहून कमी डिझेल गाड्या इंजिन तपासणीसाठी परत बोलावल्या. कारखान्यात आलेल्या खराब इंधनामुळे इंजिनचे भाग लवकर झिजतील अशी शंका होती आणि गाड्या होत्या २१ जून ते २ जुलै या दिवसांत बनलेल्या. त्याच वर्षी थारच्या १,५७७ डिझेल गाड्या कॅमशाफ्ट या इंजिनमधल्या भागासाठी बोलावल्या गेल्या. शेजाऱ्याच्या गाडीचं काम झालं आणि माझ्या गाडीचं नाही, एवढ्यावर तक्रार उभी राहत नाही, ती यामुळेच.

कंपनीच्या साइटवर चासी क्रमांक टाकताना एक घोळ हमखास होतो. सतरा अक्षरांच्या या क्रमांकात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. गोल दिसतो तो शून्य, उभी रेघ दिसते तो एक. ओ टाकला की ‘गाडी सापडली नाही’ असं उत्तर येतं आणि माणूस तिथेच नाद सोडतो. तपासून झाल्यावर तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा.

जुनी गाडी घेतली असेल तर रिकॉलचं पत्र बहुधा पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असतं. रिकॉल गाडीला लागू होतो, मालक बदलल्याने तो संपत नाही. कुणी ‘वॉरंटी संपली’ किंवा ‘सर्व्हिस बाहेर केलीत’ म्हणून रिकॉलचं काम नाकारत असेल, तर रिकॉलच्या पत्रात ही अट कुठे लिहिली आहे ते लेखी विचारा. बरेच रिकॉल ‘तपासून गरज असल्यास भाग बदलणे’ अशा स्वरूपाचे असतात. तेव्हा ‘चेक केलं, ओके आहे’ या तोंडी उत्तरावर निघून येऊ नका, तपासणीत काय आढळलं ते लिहून घ्या.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो: नकाराचा कागद. सर्व्हिस सेंटर तो आपणहून देणार नाही. म्हणून तुम्हीच त्याच दिवशी डीलर आणि कंपनी दोघांना ईमेल करा. अमुक तारखेला, इतक्या किलोमीटरवर गाडी आणली, रिकॉलचं काम मागितलं, अमुक कारण सांगून नाकारलं, हे चुकीचं असेल तर सात दिवसांत कळवा. उत्तर आलं तर तो पुरावा, नाही आलं तरी तुमचं म्हणणं तारखेसह नोंदलं गेलं.

याहून महत्त्वाचं जॉब कार्ड, म्हणजे गाडी देताना सर्व्हिस सेंटर तुमची तक्रार लिहून घेतं तो कागद. तुम्ही सांगता, ‘हायवेवर ऐंशीच्या वेगात इंजिन बंद पडलं, स्टिअरिंग जड झालं.’ समोरचा लिहितो, ‘इंजिन नॉइज, जनरल चेकअप.’ सही करण्याआधी वाचा आणि आपलं वाक्य आपल्या शब्दांत लिहायला लावा. स्कॅनरवर आलेल्या फॉल्ट कोडचा, म्हणजे दोष सांगणाऱ्या क्रमांकाचा, प्रिंट मागा. गाडी ताब्यात घेताना ‘काम समाधानकारक’ अशा कागदावर सही घेतात. दोष तसाच असेल तर सहीच्या वर हाताने लिहा, ‘तक्रार कायम आहे’. ग्राहक आयोगापुढे कंपनीचा वकील सगळ्यात आधी हाच कागद काढतो.

तक्रारीच्या जागा दोन आहेत आणि त्यांची कामं वेगळी आहेत. पहिली, रस्ते वाहतूक मंत्रालयाचं रिकॉल पोर्टल. मोटार वाहन कायद्याचं कलम ११०अ आणि १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेला नियम यांनुसार, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांबाबत पुरेशा तक्रारी जमल्या तर सरकार सक्तीचा रिकॉल काढू शकतं. किती तक्रारी पुरेशा, हे त्या मॉडेलच्या वर्षाच्या विक्रीवर ठरतं. दोष रस्ता सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका करणारा हवा. ‘मायलेज देत नाही’ असं लिहिलंत तर ती तक्रार या नियमात बसणार नाही. चालत्या गाडीत इंजिन बंद पडत असेल तर तेच आधी लिहा. इथे तक्रार केल्याने तुमची गाडी लगेच दुरुस्त होणार नाही, पण नोंद मोजली जाते. शेकडो मालक व्हॉट्सअॅप ग्रुपवर हळहळतात आणि पोर्टलवर मोजकेच लिहितात, ही खरंच वाईट गोष्ट आहे.

दुसरी जागा ग्राहक आयोग. दुरुस्ती, पैसे परत, नुकसानभरपाई हे सगळं इथे मागायचं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करायला हरकत नाही, पण ती हेल्पलाइन निकाल देत नाही आणि तिथे नोंद केल्याने मुदतही थांबत नाही.

मुदत दोन वर्षांची आहे, आणि सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. ही दोन वर्षं वॉरंटी संपल्यापासून मोजत नाहीत. डीलरने ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं शेवटचं सांगितलं त्या दिवसापासूनही नाही. तक्रारीचं कारण घडलं तिथपासून ती मोजतात, आणि नुसती पत्रं पाठवत राहिल्याने वाढत नाहीत. तेव्हा दोष पहिल्यांदा जॉब कार्डवर आला ती तारीख धरूनच चाला. उशीर झालाच असेल तर त्याची सबळ कारणं देणारा उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज तक्रारीसोबतच जोडावा लागतो.

कोणत्या आयोगात जायचं, हे तुम्ही गाडीसाठी दिलेल्या किमतीवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. भरपाई किती मागता ते यात धरत नाहीत. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. गाडी पुण्यात घेतली आणि राहता लातूरला, तर लातूरला करा. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. टॅक्सीवाल्यांना ‘व्यावसायिक वापर’ म्हणून परत पाठवायचा प्रयत्न होतो. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी गाडी घेतली असेल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो, फक्त तसं तक्रारीत स्पष्ट लिहिलेलं हवं.

डीलर आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करा आणि कुणाची चूक काय, ते वेगवेगळं मांडा. गोव्यातल्या एका ग्राहकाच्या खटल्यात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळं केलं. डीलरने केलेल्या चुकीत कंपनीचा हात होता, हे दाखवलं गेलं नव्हतं.

इंजिनमध्ये उत्पादनातलाच दोष आहे हे सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. कंपनी म्हणणार, पाणी शिरलं, भेसळीचं इंधन भरलं, ऑइल वेळेवर बदललं नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली आयोग दोष तपासणीसाठी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या. तपासणीचा खर्च आधी तुम्हालाच भरावा लागतो. तोपर्यंत इंजिन उघडू देऊ नका. एकदा उघडून भाग बदलले की मूळ दोष दाखवायला काही उरत नाही. उघडणं टळतच नसेल तर आधी लेखी कळवा, समोर उभे राहून फोटो-व्हिडिओ घ्या आणि काढलेले भाग परत मागा. मागण्या उतरत्या क्रमाने लिहा. एक भाग बदलून काम होत असेल तर पूर्ण गाडी बदलून मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगितलंय. म्हणून नवी गाडी किंवा किंमत परत, ते नाही तर नवं इंजिन, ते नाही तर मोफत दुरुस्ती आणि भरपाई.

बाकीचे कागद नेहमीचेच: आरसी, खरेदीचं बिल, विमा, सर्व्हिसची सगळी बिलं, वॉरंटी पुस्तिका, डीलर-कंपनीला पाठवलेली नोटीस आणि तिची पोस्टाची पावती, प्रतिज्ञापत्र. ऑइल बदलल्याचं बाहेरच्या गॅरेजचं बिल हरवलं असेल तर त्याच्याकडून दुसरी प्रत आणि पैसे दिल्याची बँकेची नोंद जोडा. कर्ज असेल तर बँकेचं खाते विवरणही द्या. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. ते दिवस उलटले की पुढच्या तारखेला तशी नोंद घ्यायची विनंती आयोगाला लेखी करा.