आयएनएस सुमित्रा

भारतीय नौदलाची खोल समुद्रातली गस्ती नौका, सरयू वर्गातली चौथी आणि शेवटची. डिझाइन आणि बांधणी दोन्ही गोवा शिपयार्डची. ४ सप्टेंबर २०१४ ला चेन्नईत नौदलात दाखल झाली.

नावांचा घोळ आधी सोडवलेला बरा. सरयू, सुनयना, सुमेधा, सुमित्रा हा नवा वर्ग, आणि १९८९ पासून आलेला सुकन्या वर्ग वेगळा, त्यातल्या पहिल्या तीन बोटी दक्षिण कोरियात बांधल्या, बाकीच्या विशाखापट्टणमला. त्या जुन्या वर्गातही एक सरयू होती, ती २००० मध्ये श्रीलंकेला दिली, मग तेच नाव नव्या वर्गाच्या पहिल्या बोटीला आलं. सुमित्रा आणि सुमेधा यांची तर सारखीच अदलाबदल होते. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमधून २७८ भारतीयांची पहिली तुकडी आणली ती सुमेधाने, सुमित्राने नाही.

लांबी १०५ मीटर. वजन कुठे २,२०० तर कुठे २,३०० टन दिलेलं असतं, बहुधा किती भरलेली बोट धरली यावरून फरक पडतो. वेग २५ नॉट, म्हणजे ताशी ४६ किमीच्या आसपास, विनाशिकांपेक्षा कमीच. पण १६ नॉटने चालवली तर पल्ला ६,००० नॉटिकल मैल, हिशोब केला तर इंधन न भरता सलग साडेपंधरा दिवस, आणि गस्तीला खरी किंमत याचीच. पुढे ७६ मिमीची तोफ, दोन ३० मिमीच्या, मागे हेलिकॉप्टरसाठी डेक. क्षेपणास्त्रं नाहीत, टॉर्पेडो नाहीत.

मार्च २०१५ मध्ये एडनच्या आखातात चाच्यांविरुद्ध गस्तीवर असताना तिला येमेनकडे वळवलं, ऑपरेशन राहतसाठी, म्हणजे तिथे अडकलेल्या भारतीयांना बाहेर काढायच्या मोहिमेसाठी. एडन शहरात लढाई चालू होती आणि ३१ मार्चला ही बोट त्या बंदरात शिरली, माणसं चढवली आणि जिबूतीला पोचवली. किती माणसं यावर मतं वेगळी दिसतात. जास्त करून ३४९ सांगतात, त्यात १०१ बायका आणि २८ मुलं. पुढे हवाई दलाच्या दोन सी-१७ विमानांतून कोचीला १६८ आणि मुंबईला १९० उतरले, बेरीज ३५८, म्हणून काही जण तोच आकडा बोटीला लावतात. पण विमानात बसलेले सगळे याच बोटीने आले असं धरायला आधार कमी, ३४९ च बरा वाटतो. नंतर होदेइदा बंदरातूनही तिने लोक काढले, त्यात परदेशी बरेच. तेव्हाचे कमांडर मिलिंद मोकाशी यांना शौर्य चक्र मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये विशाखापट्टणमच्या आंतरराष्ट्रीय नौदल संचलनात राष्ट्रपतींनी हिच्यावरूनच पाहणी केली.

जानेवारी २०२४ च्या अखेरीस सोमाली चाच्यांनी पकडलेल्या मच्छीमारी बोटी तिने ३६ तासांच्या आत दोनदा सोडवल्या. आधी इराणी इमान, १७ खलाशी, तिथे हेलिकॉप्टर वर घिरट्या घालतंय आणि खाली छोट्या बोटी पाण्यात, या दबावाने चाचे नमले. मग अल नईमी, १९ पाकिस्तानी खलाशी, ११ चाचे, तिथे नौदलाचे मार्कोस कमांडो चढले. हे सगळं कोचीच्या पश्चिमेला साधारण ८५० नॉटिकल मैलांवर. अशा पकडलेल्या बोटी तळ म्हणून वापरून चाचे पुढे मोठ्या व्यापारी जहाजांवर जातात, ती वाटही त्यामुळे बंद झाली.