‘कोट्यातून आलास का?’ : न्यूनगंडाची मराठवाडी पार्श्वभूमी

मेडिकलला नंबर लागला तरी ‘आपण इथं चुकून आलो, कधीतरी उघडे पडू’ ही धास्ती मराठवाड्यातून पुण्या-मुंबईला गेलेल्या अनेक मुलांना असते. अमेरिकेतल्या दोन महिला मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली कर्तबगार स्त्रियांमधली अशीच भावना नोंदवली. तिचं मूळ त्यांना घरातल्या वागणुकीत आणि स्त्रियांविषयीच्या समाजाच्या समजुतींत दिसलं. आपल्याकडे असा समज अख्ख्या प्रदेशाबद्दल आहे.

निजामी राजवट १९४८ ला संपली, विद्यापीठ १९५८ ला आलं. १९८० च्या दशकात अनुशेषाची, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या वाट्याची, चर्चा सुरू झाली. हक्काचं मागण्यासाठी आपलं मागासपण पुन:पुन्हा सिद्ध करावं लागलं, आणि ऐकणाऱ्या पोरांनी ते स्वतःबद्दलही खरं मानलं. लातूर पॅटर्नने निकाल दिले, तेव्हा ‘घोकंपट्टी’ म्हणून त्यांची बोळवण झाली.

खरा गोंधळ केला तो ७०:३० च्या सूत्राने. वैद्यकीय प्रवेशात राज्याच्या वाट्याच्या ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के राज्यभरातल्यांना मिळत. विभाग तीन : मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र. कागदावर हे स्थानिकांचं संरक्षण. पण मराठवाड्यात महाविद्यालयं कमी आणि गुणवंतांची गर्दी मोठी. म्हणून इथला कटऑफ वर जातो आणि तेवढ्याच गुणांवर दुसऱ्या विभागातल्याला प्रवेश मिळतो, अशी इथल्या पालकांची तक्रार होती. ती रास्तच होती. सूत्र राहावं म्हणणाऱ्यांना स्थानिक जागा बाहेरचे नेतील ही भीती होती. सप्टेंबर २०२० मध्ये सूत्र रद्द झालं.

तोवर ‘विभागीय कोटा’ आणि सामाजिक आरक्षण यांची बोलण्यात पुरती सरमिसळ झाली होती. जास्त गुण घेऊन आलेल्या मुलालाही ‘कोट्यातून का?’ असं विचारलं जाई. आरक्षणातून आलेल्याला तर हा प्रश्न विचारायचंच कारण नाही; आरक्षणाची तरतूद घटनेतच आहे. (विचारणारे कॅपिटेशन फी भरून आलेल्यांना असं कधी विचारत नाहीत.)

१९७८ च्या मांडणीत उपाय म्हणून गटात बोलण्यावर भर होता. शाबासकी मिळाली की ती आपण कशी झटकून टाकतो, याची नोंद ठेवायलाही सुचवलं होतं. इथल्या वसतिगृहांत असा गट जमवायचा, तर ज्याच्या-त्याच्या प्रवेशाच्या वर्षीचे कटऑफही समोर ठेवावे लागतील. ‘नशिबाने लागला नंबर’ म्हणणाऱ्या अनेकांनी ते आकडे कधी पडताळलेलेच नसतात.